डावं कोपर, उजवं कोपर

उचलीच्या वहीत मागच्या पानावर
मी दोन रकाने आखलेत. डावं. उजवं.
डाव्या कोपराला डांबराचं मलम,
उजव्याला त्या पांढऱ्या ट्यूबमधलं,
जिची किंमत ऐकून
मेडिकलच्या पायरीवर मी बराच वेळ
चपलेचा अंगठा नीट करत उभा होतो.

डांबराला वास येतो.
सात रस्त्याला भर उन्हात नवा थर घालतात, तसा.
भूदेवी म्हणते, "अंथरुणात रस्ता बांधालात का ओ?"
बनियनला डाग, उशीला डाग,
आणि चादरीला डाग म्हणजे
आमच्याकडं पोटावरच डाग.
ट्यूबला वास नाही.
थोडी चुरचुर, लावून झालं की हात धुवायचे,
तोंडाला लावायचं नाही. साहेबी औषध.

त्याआधीचं तिसरं मी रकान्यात धरत नाही.
चिठ्ठीशिवाय घेतलेलं, बोटाएवढी ट्यूब.
आठवड्यात कातडी अशी गुळगुळीत
की मेहुण्याच्या लग्नात अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला,
फोटोत पुढं उभा राहिलो.
आठ महिने लावलं.
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली,
आतल्या शिरा मोजता येतील अशी.
सोडलं,
तर पाहुण्याला स्टँडवर सोडून घरी यावं
आणि तो दहा जण घेऊन आधीच ओट्यावर बसलेला असावा,
तसं आलं परत.

शहापुरे मॅडम रागावल्या नाहीत.
ट्यूब बोटांत फिरवत म्हणाल्या,
"औषध वाईट नाही. पण कधी लावायचं, कधी थांबायचं
हे कुणीतरी बघायला पाहिजे."
मग म्हणाल्या, "मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही."
इतकं खरं बोलणारं माणूस
मला मागाच्या धंद्यात भेटलेलं नाही.

कारखान्यात बरं असतं.
माग सुरू झाले की सगळ्यांच्या अंगावर कापूस,
भुवयांवर, कानाच्या पाळीवर,
बोम्मय्याच्या मिशीवर तर पीकच.
तिथं माझा कोंडा कुणाला निराळा दिसत नाही.
पाळीभर मी सगळ्यांसारखा पांढरा.
पाळी सुटते, नळावर हातपाय धुतात,
त्यांचं जातं.

सलूनवाला वस्तारा पुसत विचारतो,
"लागट हाय का ओ?"
नाही म्हणतो. मानेला हो म्हणतो,
आणि माझ्यासाठी टॉवेल वेगळा काढतो.
टॉवेल आमच्याच मागावरचा.
काठावरून ओळखतो मी.

आठवडा तिसरा. डावं: खपली मऊ, लाली तेवढीच.
उजवं: मधोमध रुपयाएवढी जागा साफ.
आठवडा पाचवा. डावं: आग होते, बाकी तेच.
उजवं: परत थोडी खपली. का?
आठवडा सहावा. डावं एकदम पुढं गेलं.
हे काही जमेना.
एका बाजूनं ताणा सरळ येतोय
आणि बाण्यात भलताच रंग पडतोय, असं झालं.

भूदेवीला विचारलं. कोपराची मागची बाजू
स्वतःला कुठं दिसते? मलम तीच लावते,
रात्रपाळीहून येऊन मी पेंगत असतो तेव्हा,
समोर बसून.
"डावं म्हणजे तुमचं का माझं?"
किती दिवस?
"कवाकवा तुमचं धरलं, कवाकवा माझं."
वासानं कळायला हवं होतं.
पण डांबर खोलीभर असतं,
कुठल्या कोपरातनं येतंय ते नाक सांगत नाही.

हसू आलं, मग सहा आठवड्यांच्या ट्यूबचे पैसे आठवले,
मग हसू आलं.

वहीचं पान फाडलं नाही.
पुढच्या पानावर तारीख टाकली,
आणि आधी एक माणूस काढला, पाठमोरा.
डाव्या कोपराला बाण, डांबर.
उजव्या कोपराला बाण, ट्यूब.
भूदेवीनं वाकून बघितलं,
तिच्या बोटांना अजून कालचं मलम,
म्हणाली, "ह्याचं डोकं लई ल्हान काढलंत."